प्रोटीनचा ‘फोटो’ तर मिळाला, मग ‘व्हिडिओ’ कशाला हवा?

२०२४ चं रसायनशास्त्राचं नोबेल ज्या कामांना मिळालं, त्यात ‘अल्फाफोल्ड’ हा एआय प्रोग्रामही होता. एखाद्या प्रोटीनचा आकार कसा असेल, याचा तो अंदाज बांधतो. असे २० कोटींहून जास्त आकार आज इंटरनेटवर मोफत पाहता येतात.

पण हे झाले फोटो. शरीरातलं प्रोटीन क्षणभरही स्थिर नसतं. ते थरथरतं, वाकतं, उघडतं, मिटतं. औषधाचा रेणू त्यावर कुठे बसेल, हे अनेकदा या हालचालीवर ठरतं. ही हालचाल कॉम्प्युटरवर पाहण्याच्या तंत्राला ‘मॉलिक्युलर डायनॅमिक्स’ म्हणतात.

प्रोटीनची घडी म्हणजे काय?

प्रोटीन ही २० प्रकारच्या अमिनो आम्लांची माळ असते. बहुतेक प्रोटीन्समध्ये ही माळ गुंडाळली जाऊन ठरावीक आकार घेते, तेव्हाच ती कामाला लागते. अल्झायमर, पार्किन्सन यांसारख्या आजारांत घडी चुकलेल्या प्रोटीनचे पुंजके मेंदूत साचलेले आढळतात.

१९६९ मध्ये सायरस लेव्हिन्थल यांनी एक कोडं मांडलं. माळेने प्रत्येक शक्य आकार एकेक करून तपासला, तर विश्वाच्या वयाहूनही जास्त काळ लागेल. प्रत्यक्षात अनेक लहान प्रोटीन्सची घडी सेकंदाच्या आत पडते. म्हणजे घडी पडण्याच्या काही वाटा असणार. फोटोत त्या दिसत नाहीत.

कॉम्प्युटर हे कसं करतो?

प्रत्येक अणू म्हणजे एक गोळी आणि अणूंमधले बंध म्हणजे स्प्रिंग, असं मानलं जातं. प्रत्येक गोळीवर किती बल लागतंय, हे मोजायचं. मग शाळेत शिकलेले न्यूटनचे नियम वापरून ती पुढच्या क्षणी कुठे असेल, हे काढायचं. नंतर पुन्हा तेच.

हा ‘क्षण’ साधारण १ ते २ फेम्टोसेकंदांचा असतो. सेकंदाचे १० लाख अब्ज भाग केले, तर त्यातला एक म्हणजे फेम्टोसेकंद. सेकंदाच्या १० लाखाव्या भागात काय घडतं, एवढंच पाहायचं असेल तरी किमान ५० कोटी वेळा हे गणित करावं लागतं.

सुरुवात कधी झाली?

१९७७ मध्ये मॅकॅमन, गेलिन आणि कार्प्लस यांनी ५८ अमिनो आम्लांच्या एका छोट्या प्रोटीनची हालचाल प्रथमच अशी पाहिली. तो ‘व्हिडिओ’ जेमतेम ९.२ पिकोसेकंदांचा होता. पण प्रोटीन आतून ताठ नसतं, हे त्यातून दिसलं. २०१० मध्ये ‘अँटन’ या खास बनवलेल्या सुपरकॉम्प्युटरने त्याच प्रोटीनची १ मिलिसेकंदाची हालचाल दाखवली, म्हणजे १० कोटी पटींहून जास्त. रासायनिक प्रक्रियांची कॉम्प्युटर मॉडेल्स विकसित करणाऱ्या मार्टिन कार्प्लस, मायकल लेव्हिट आणि एरी वॉर्शेल यांना २०१३ चं नोबेल मिळालं.

कोरोनाकाळात काय उपयोग झाला?

‘फोल्डिंग अ‍ॅट होम’ हा प्रकल्प २००० पासून लोकांच्या घरातले रिकामे पडलेले कॉम्प्युटर या गणितासाठी वापरतो. महामारीत त्यात १० लाखांहून जास्त लोक सामील झाले. कोरोना विषाणूचा स्पाइक प्रोटीन एरवी मिटलेला राहून प्रतिकारशक्तीपासून लपतो आणि पेशीला चिकटण्यासाठी उघडतो. हे उघडणं या सिम्युलेशनमध्ये दिसलं. शिवाय विषाणूच्या प्रोटीन्समध्ये फोटोत न दिसणारे ५० हून अधिक खळगे सापडले. औषधाला बसायला जागा मिळू शकते ती अशा खळग्यांत.

मर्यादा काय?

अणूंमधल्या बलांची सूत्रं अंदाजे असतात. शरीरातल्या बऱ्याच घडामोडी आजच्या सिम्युलेशनपेक्षा कितीतरी जास्त वेळ चालतात. त्यामुळे स्क्रीनवर दिसलेला खळगा खरा आहे का, हे प्रयोगशाळेतच तपासावं लागतं.

एआय आल्यामुळे हे तंत्र मागे पडलेलं नाही. उलट, अल्फाफोल्डने दिलेला फोटो आता अनेकदा या व्हिडिओची पहिली फ्रेम म्हणून वापरला जातो.