फौजदारी न्यायक्षेत्रातील श्रेयांकित आंतरवासिता : महाराष्ट्रातील वाटचाल

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 च्या अंमलबजावणीमुळे 'आंतरवासिता' हा शब्द महाविद्यालयीन वर्तुळात सर्वतोमुखी झाला आहे. ही संकल्पना जणू नव्यानेच अवतरली, असा समज त्यातून होण्याची शक्यता आहे. वस्तुतः पोलीस ठाणे, न्यायालय व कारागृह यांच्याशी विद्यार्थ्यांचा अभ्यासक्रमांतर्गत संबंध महाराष्ट्रात बराच जुना आहे. त्या परंपरेतील काही टप्प्यांचा परामर्श घेणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू होय.

या परंपरेचा उगम विधी महाविद्यालयांत नव्हे, तर समाजकार्याच्या शिक्षणात आढळतो. 1936 साली क्लिफर्ड मॅनशार्ट यांच्या पुढाकाराने मुंबईत नागपाडा येथे 'सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क' ही संस्था स्थापन झाली. 1944 पासून ती 'टाटा समाजविज्ञान संस्था' या नावाने ओळखली जाते. वर्गातील अध्यापनाच्या बरोबरीने क्षेत्रकार्य हा येथील शिक्षणाचा अनिवार्य भाग होता. त्यासाठी आवश्यक ती भूमी मुंबईत आधीच तयार झालेली होती. 1924 चा मुंबई बालक अधिनियम आणि 1927 ची चिल्ड्रेन्स एड सोसायटी यांमुळे बालगुन्हेगाराचा प्रश्न शिक्षेकडून सुधारणेकडे वळला होता. पुढे 1938 च्या मुंबई परिवीक्षा कायद्याने आणि 1958 च्या केंद्रीय कायद्याने परिवीक्षा अधिकारी हे पद महत्त्वाचे ठरविले. आरोपीच्या घरी जाणे, शेजाऱ्यांशी बोलणे आणि न्यायालयास अहवाल देणे हे काम पुस्तकातून शिकता येण्यासारखे नाही. क्षेत्रकार्याची गरज अशा रीतीने कायद्यानेच निर्माण केली, असे म्हणता येईल.

याच संस्थेच्या दोन प्रकल्पांचा येथे निर्देश केला पाहिजे. 1984 मध्ये मुंबई पोलिसांच्या सहकार्याने महिला व बालकांसाठी विशेष कक्ष सुरू झाला. अत्याचारग्रस्त स्त्रीला पोलीस यंत्रणेच्या आवारातच प्रशिक्षित समाजकार्यकर्ती भेटू लागली. 1990 मध्ये 'प्रयास' हा प्रकल्प सुरू होऊन कोठडीतील व कारागृहातील व्यक्तींसाठी काम उभे राहिले. या दोन्ही ठिकाणी व्यवस्थेचे निरीक्षण करण्याबरोबरच तिच्यात एक भूमिका पार पाडणे अभिप्रेत होते, ही बाब महत्त्वाची आहे.

विधी शिक्षणाने हा मार्ग उशिरा धरला. घटनेतील अनुच्छेद 39-अ (1976) आणि विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, 1987 यांनी मोफत विधी साहाय्याला आधार दिला. मात्र बार कौन्सिल ऑफ इंडियाने प्रात्यक्षिक विषय अनिवार्य केले ते 1990 च्या दशकाच्या अखेरीस. 2008 च्या नियमांनी तीन वर्षांच्या अभ्यासक्रमास 12 आठवडे व पाच वर्षांच्या अभ्यासक्रमास 20 आठवडे आंतरवासिता ठरविली. अभिरूप न्यायालय व आंतरवासिता या विषयात प्रत्यक्ष खटल्यांच्या निरीक्षणास 30 गुण आहेत. त्यांपैकी एक खटला दिवाणी व एक फौजदारी असावा, असा दंडक आहे. तरतूद उत्तम आहे. परंतु तिच्यात मोजली जाते ती प्रामुख्याने उपस्थिती आणि नोंदवही. साक्षीदार न आल्याने तारीख पुढे ढकलली गेली, तर आरोपीचे काय होते, हा प्रश्न नोंदवहीच्या रकान्यात बसत नाही. वास्तविक तोच फौजदारी न्यायाचा गाभा आहे.

अमेरिकेत हा प्रवास निराळ्या वाटेने झाला. बर्कले येथे ऑगस्ट व्होल्मर यांनी 1916 मध्ये पोलिसांसाठी विद्यापीठीय वर्ग सुरू केले, तर 1968 च्या कायद्यान्वये पोलीस शिक्षणासाठी केंद्रीय अर्थसाहाय्य मिळू लागले. तेथे पोलीस विद्यापीठात आला; आपल्याकडे विद्यार्थी पोलीस ठाण्यात गेला.

आता श्रेयांक पद्धतीमुळे आंतरवासितेच्या एका श्रेयांकास किमान 30 तास, असा हिशेब आला आहे. मुळशी तालुक्यातील कासार आंबोलीसारख्या गावातून पौडचे पोलीस ठाणे जवळ आहे. शिवाजीनगरचे जिल्हा न्यायालय आणि येरवडा मध्यवर्ती कारागृह मात्र पुणे शहरात, तालुक्याबाहेर. प्रवासाचे तास श्रेयांकात धरले जात नाहीत आणि एस.टी.चे भाडे कोणी देत नाही. ग्रामीण विद्यार्थ्याच्या, विशेषतः विद्यार्थिनीच्या, दृष्टीने हा गौण मुद्दा नव्हे.

त्याहून नाजूक प्रश्न आहे तो कच्च्या कैद्याचा. 1 जुलै 2024 पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 479 नुसार, मृत्युदंड वा जन्मठेपेस पात्र गुन्हे आणि एकाहून अधिक प्रलंबित प्रकरणे वगळता, पूर्वी कोणत्याही गुन्ह्यात दोषी न ठरलेल्या व्यक्तीने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश कालावधी कोठडीत काढल्यास बंधपत्रावर सुटकेची तरतूद आहे. अशा कैद्यांच्या तारखा तपासून यादी करणे, हे काम प्रशिक्षित विद्यार्थी देखरेखीखाली निश्चित करू शकेल. परंतु त्याच कैद्याने विश्वासाने सांगितलेली हकीकत विद्यार्थ्याच्या अहवालात नावानिशी उतरली, तर गुण विद्यार्थ्यास मिळतील आणि जोखीम कैद्याच्या वाट्यास येईल. समाजकार्याच्या शिक्षणात पर्यवेक्षकासमवेत नियमित चर्चेची प्रथा आहे, ती याचसाठी. श्रेयांकाच्या नव्या आराखड्यात त्या पर्यवेक्षकाच्या तासांना अध्यापन-कार्यभारात कोणते स्थान द्यावयाचे, याचा निर्णय अभ्यासमंडळांना घ्यावा लागेल.