आमची बोली व आमची प्रार्थना

इ. स. १५७९ मध्यें इंग्रज येशूसंघी फादर थॉमस स्टीफन्स गोव्यास आले, येथील भाषा शिकले, आणि १६१६ सालीं त्यांचें मराठी 'ख्रिस्तपुराण' राशोल येथें छापून निघालें. पुढें १६८४ सालीं पोर्तुगीज व्हाइसरॉयनें हुकूम काढला कीं, गोव्यांतील लोकांनीं तीन वर्षांत कोंकणी सोडून पोर्तुगीज बोलावें. हुकूम गेला, कोंकणी राहिली.

१७३९ पर्यंत त्याच अमलाखालीं असलेल्या आमच्या वसईंत आज सक्ती कोणाचीच नाहीं. मुलें हौसेनें इंग्रजी शिकतात, व तें योग्यच आहे. परंतु आजीची सामवेदी नातवास समजेनाशी झाली, तर तो जुना हुकूम आम्हींच आपल्या हातांनीं पुरा केला असें होईल. म्हणून ह्या महोत्सवी वर्षीं घरोघरीं सायंकाळची जपमाळ आपल्याच बोलींत म्हटली जावो, हीच आमची विनंती.