आजीचा विनोद

आमच्या लहानपणी हिवतापाचा रोगी म्हणजे चार गोधड्या आणि त्यांवर दाबून बसलेला एक माणूस! आजी कोयनेलची कडू गोळी पुढे करी. एका पावसाळ्यात आमच्या आळीतली दोन मुले त्या तापाने गेली. देवीची लस टोचतात, मग हिवतापाची का नाही, असे मी तिला विचारले. “डास काय कमी टोचतात?” एवढेच ती म्हणाली.

तिचा हा विनोद पुढे खरा झाला. नात्झींच्या छळामुळे लहानपणी व्हिएन्ना सोडून ब्राझीलला गेलेल्या रुथ नुसेंझ्वाइग पुढे न्यूयॉर्कला संशोधन करू लागल्या. १९६७ साली त्यांनी व सहकाऱ्यांनी डासांतून काढलेले हिवतापाचे जंतू क्ष-किरणांनी दुबळे करून उंदरांना टोचले. असा जंतू यकृतापर्यंत जातो, पण तेथे त्याची वंशवृद्धी होत नाही. पुढे जोमदार जंतू टोचले, तरी यांतले पुष्कळ उंदीर बचावले.

मला खरी मौज वाटते ती १९६९ च्या प्रयोगाची. अशा उंदरांच्या रक्तातला निवळ रस जंतूंवर घातला, तेव्हा जंतूच्या शेपटाशी दोऱ्यासारखा साका लोंबू लागला. रक्तातले प्रतिपिंड त्याच्या अंगावरच्या प्रथिनाला चिकटले होते. शरीराची लढाई अशी डोळ्यांना दिसली!

मग माणसांची पाळी आली. मेरिलँड विद्यापीठात डेव्हिड क्लाइड यांनी १९७० नंतर स्वयंसेवकांना किरण दिलेले डासच चावविले. संरक्षण मिळू शकते हे ठरले. पण ते भरवशाचे हवे, तर चावे हजारावर! इतके कोण सोसणार? म्हणून डास चिरून जंतू काढले, शुद्ध केले, सुईने टोचले. कातडीत टोचून फारसे साधले नाही. शिरेतून पाच मात्रा दिल्या, तेव्हा सहापैकी सहाही जण वाचले. हे २०१३ साली प्रसिद्ध झाले. मात्रा वाढवावी तसे रक्तातले प्रतिपिंडही वाढत होते. मात्र सारे श्रेय त्यांचेच नव्हे. यकृतातल्या पांढऱ्या पेशींचाही त्यात वाटा असतो.

तरी प्रतिपिंड एकटाही लढू शकतो. ही लस घेतलेल्या एका व्यक्तीच्या रक्तातून असा एक प्रतिपिंड मिळाला. तो थोडा सुधारून नऊ जणांना दिला आणि हिवतापी डास चावविले. लागण एकालाही झाली नाही. न दिलेल्या सहांपैकी पाच जणांना झाली. हे २०२१ चे.

दोऱ्यासारखा लोंबणाऱ्या त्या प्रथिनाचा तुकडा वापरून ऑक्सफर्डमध्ये एक लस घडली. २०२३ साली जागतिक आरोग्य संघटनेने तिची शिफारस केली. आफ्रिकेतल्या मुलांना टोचायची ही लस तयार होते पुण्यात.