साधं टाकू का प्रीमियम?

दिवाळीला पुण्याहून गावी येताना बीडच्या अलीकडं पंपावर थांबलो. पोरगं म्हणालं, "दादा, साधं टाकू का प्रीमियम?" मागून पप्पा म्हणाले, "चांगलंच टाक, गाडी नवी आहे." मी बीटेक, पण 'चांगलं' म्हणजे काय, ते मला सांगता येईना. म्हणून हा एपिसोड.

प्रश्न ऑक्टेनचा आहे. दाबामुळं पेट्रोल नको तेव्हा आपोआप पेटलं की इंजिन ठकठक करतं. ऑक्टेन जास्त म्हणजे ही ठकठक थोपवायची ताकद जास्त. जादा ऊर्जा नाही बरं का!

१९२१ साली अमेरिकेत जनरल मोटर्सच्या थॉमस मिजलीला यावर उपाय सापडला, शिशाचं एक संयुग. ते 'इथाइल' नावानं विकलं. शिशाचा उल्लेखच नाही. अल्कोहोलनंही ठकठक थांबते, हे त्याला माहीत होतं. पण शिसं चिमूटभर पुरायचं, स्वस्त पडायचं. जगानं ते विष अनेक दशकं हुंगलं. आपल्याकडं देशभर बिनशिशाचं पेट्रोल आलं १ फेब्रुवारी २००० ला.

२००२ मध्ये भारत पेट्रोलियमचं 'स्पीड' आलं. अशा पेट्रोलमध्ये इंजिन साफ ठेवणारी रसायनं असतात. ऑक्टेन जास्त असेलच असं नाही. १०० ऑक्टेनचं 'एक्सपी१००' आलं २०२० मध्ये.

आणि आता ते जुनं अल्कोहोल परत आलंय, इथेनॉल म्हणून. २००३ मध्ये महाराष्ट्रासह काही राज्यांत ५ टक्के, २०२५ मध्ये देशात २० टक्के. सरकार सांगतं, साध्या पेट्रोलचं ऑक्टेन ८८ वरून ९१ आणि आता ९५ झालंय. हे इथेनॉल मका-तांदळातून येतं, तसंच उसातूनही. तो ऊस तोडायला दिवाळीच्या आसपास आमच्या जिल्ह्यातून नवरा-बायकोचे कोयते निघतात. उचल आधीच घेतलेली असते, ती फेडायला अख्खा हंगाम जातो.

मग टाकायचं काय? गाडीचं मॅन्युअल उघडा. ९१ लिहिलंय तर साधंच टाका, जास्तीचे पैसे वाचवा. ९५ किंवा जास्त मागितलंय तर तेवढं द्या. गाडी जुनी असेल तर २० टक्के इथेनॉल चालतं का, तेही बघा. रबरी भाग खराब होऊ शकतात. अ‍ॅव्हरेज थोडं घटतंच.

आमच्या मॅन्युअलमध्ये ९१ निघालं. परतताना पप्पा स्वतःच म्हणाले, "साधं टाक." समोरून ऊसतोड्यांनी भरलेला ट्रक कारखान्याकडं चालला होता.