दुसरे मत : १९५२ची मुंबई

पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत, जानेवारी १९५२ मध्ये, डॉ. बाबासाहेब आंबेडकर मुंबईत पराभूत झाले हे सर्वांना ठाऊक असते. घटनेच्या शिल्पकारालाच लोकांनी नाकारले, असे हळहळून म्हटले की विषय संपतो. परंतु परळच्या मतदारापुढे तेव्हा नेमका कोणता पेच होता, याची चर्चा क्वचितच होते.

गिरणगावाचा मोठा भाग ज्यात येत होता तो मुंबई शहर (उत्तर) हा द्विसदस्य मतदारसंघ होता. एक जागा सर्वसाधारण, दुसरी अनुसूचित जातींसाठी राखीव. प्रत्येक मतदाराला दोन मते. मात्र दोन्ही एकाच उमेदवाराला देता येत नसत, दिल्यास एकच धरले जाई. त्या काळी प्रत्येक उमेदवाराची स्वतंत्र मतपेटी असे आणि तिच्यावर त्याचे चिन्ह. बैलजोडीच्या पेट्या विठ्ठल बाळकृष्ण गांधी आणि नारायण सदोबा काजरोळकर यांच्या. समाजवादी पक्ष आणि शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन यांची युती होती, म्हणून अशोक मेहतांचे झाड आणि आंबेडकरांचा हत्ती ही दुसरी जोडी. विळा-कणीस घेऊन कॉम्रेड श्रीपाद अमृत डांगे उभे होते.

अमेरिकेतल्या प्राथमिक निवडणुकीत एकाच पक्षातल्या इच्छुकांतून मतदाराला एक निवडावा लागतो. विरोधकापेक्षा आपल्याच माणसांत निवड करणे अधिक जड जाते. काँग्रेसला मत द्यायचे नाही असे ठरवलेल्या गिरणी कामगाराची अवस्था काहीशी तशीच होती. पहिले मत त्याचे ठरलेले असे. प्रश्न दुसऱ्याचा होता.

त्यामागे जुना इतिहास होता. गिरण्यांत अस्पृश्यांना साच्यांवर, म्हणजे विणाईखात्यात, काम मिळत नसे. कांडी बदलताना धोट्यातला धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे आणि सवर्ण कामगारांना तो विटाळ वाटे. विणाईखात्यात मजुरी अधिक असल्यामुळे हा विटाळ थेट पगारातून वसूल होत होता. १९२८च्या संपाच्या वेळी आंबेडकरांनी हा प्रश्न पुढे आणला. लाल बावट्याच्या पुढाऱ्यांना तो अवघड वाटला. पुढे ७ नोव्हेंबर १९३८ रोजी औद्योगिक कलहाच्या विधेयकाविरुद्ध आंबेडकर आणि कम्युनिस्ट एकत्र संपात उतरले. म्हणजे हातमिळवणी अशक्य नव्हती. १९५२ साली ती झाली नाही, एवढेच.

आता आकडे पाहू. गांधी १,४९,१३८, मेहता १,३९,७४१, काजरोळकर १,३८,१३७, आंबेडकर १,२३,५७६, डांगे ९६,७५५. मेहतांना काजरोळकरांहून अधिक मते मिळाली, तरी ते हरले; कारण सर्वसाधारण जागा गांधींकडे गेली आणि दुसरी राखीव होती. आंबेडकर १४,५६१ मतांनी पडले. सत्तर हजारांहून अधिक मते बाद झाली होती. दुसरे मत कुजवा असा प्रचार कम्युनिस्टांनी केला, अशी तक्रार आंबेडकर व मेहता यांनी निवडणूक अर्जात केली. तो अर्ज फेटाळला गेला.

डांग्यांवर सगळा दोष टाकणे सोयीचे आहे आणि आपल्याकडे ती सोय पुष्कळांनी घेतली आहे. मला मात्र दुसरी एक वजाबाकी अधिक बोलकी वाटते. मेहता आणि आंबेडकर यांच्या मतांत १६,१६५चा फरक आहे. म्हणजे झाडाच्या पेटीत मत टाकणाऱ्या किमान तेवढ्या मतदारांनी हत्तीकडे पाठ फिरवली. तेवढीच मते मिळाली असती तर आंबेडकर निवडून आले असते. हीच वजाबाकी बैलजोडीची केली तर काजरोळकर आपल्या जोडीदारापेक्षा ११,००१ मतांनी मागे आहेत. एकीकडे घटनाकार, दुसरीकडे काँग्रेसचा साधा कार्यकर्ता. पण दोन्ही जोड्यांत मागे पडला तो राखीव जागेचाच उमेदवार. मतपेटी कारण सांगत नाही हे खरे. तरीही हा योगायोग मानायला माझे मन तयार होत नाही. मे १९५४ मध्ये भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीत हीच जोडी पुन्हा उभी राहिली. मेहता निवडून आले, आंबेडकर पडले.

साहित्याच्या अभ्यासकाला या पेचाची खूण अन्यत्र दिसेल. लाल बावट्याचे शाहीर अण्णा भाऊ साठे मातंग समाजातले होते. १९५९ साली आलेली ‘फकिरा’ त्यांनी आंबेडकरांच्या लेखणीला अर्पण केली. त्यांच्यापुरता हा प्रश्न ‘हे की ते’ असा नव्हताच.

फेब्रुवारी १९५६ मध्ये संयुक्त महाराष्ट्र समिती स्थापन झाली आणि कम्युनिस्ट, समाजवादी, फेडरेशन एका मांडवाखाली आले. १९५७ साली मुंबई शहर (मध्य) या द्विसदस्य मतदारसंघातून लोकसभेवर दोघे निवडून गेले: सर्वसाधारण जागेवर श्रीपाद अमृत डांगे, राखीव जागेवर फेडरेशनचे गोपाळ काळुजी माने. आंबेडकरांचे ६ डिसेंबर १९५६ रोजीच निधन झाले होते.