हाकेच्या अंतरावर

काष्टीचा आठवडे बाजार जनावरांसाठी दूरवर प्रसिद्ध आहे. सौदा पटतो, रोख रक्कम हाती येते आणि कोणीतरी खांद्यावर हात टाकून ‘चला, बसू थोडा वेळ’ असे म्हणतो. ज्याने नुकतीच दारू सोडली आहे त्याच्या दृष्टीने हा क्षण सर्वांत कठीण असतो. उपचारकेंद्र मागे राहिलेले असते, समुपदेशक दूर शहरात असतो आणि मोह समोर उभा असतो. त्या क्षणी सोबत कोणाची? या जुन्या प्रश्नाला अलीकडे मोबाइलवरील ॲपचे उत्तर दिले जात आहे. त्याची पारख करण्यापूर्वी थोडा इतिहास चाळणे आम्हांस उचित वाटते.

या इतिहासाच्या आरंभीही दूरध्वनीच आहे. मे १९३५ मध्ये बिल विल्सन हा न्यूयॉर्कचा व्यावसायिक अमेरिकेतील ॲक्रन शहरी एका हॉटेलात एकटा होता. व्यवहार फिसकटला होता आणि दारू सोडून त्याला जेमतेम पाच महिने झाले होते. समोर मद्यगृह होते. मात्र तिकडे न वळता त्याने स्थानिक चर्चच्या एका धर्मोपदेशकाला फोन लावला. या नावावरून त्या नावाकडे जात तो अखेर डॉ. बॉब स्मिथ या मद्यासक्त शल्यचिकित्सकापर्यंत पोहोचला. त्याला उपदेश ऐकायचा नव्हता. आपल्यासारख्याच एका पीडिताशी बोलायचे होते. १० जून १९३५ रोजी डॉ. स्मिथ यांनी शेवटचा पेला घेतला, आणि तोच दिवस ‘अल्कोहोलिक्स अनॉनिमस’चा स्थापनादिन मानला जातो. पुढे १९३९ मध्ये त्याच शहरातील सेंट थॉमस इस्पितळात सिस्टर इग्नेशिया या धर्मभगिनीने अशा रुग्णांना खाटा मिळवून दिल्या. त्या काळी मद्यपी हा रुग्ण आहे, हेच अनेकांना मान्य नव्हते.

आपल्याकडे १९८१ मध्ये फादर जो परेरा यांनी मुंबईत वांद्र्याच्या माउंट कार्मेल चर्चच्या आवारात ‘कृपा फाउंडेशन’ सुरू केले. पुण्यात डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांच्या प्रयत्नांतून आणि पु. ल. व सुनीता देशपांडे यांच्या साह्याने १९८६ मध्ये ‘मुक्तांगण’ उभे राहिले. केंद्रातील मुक्कामापेक्षा घरी परतल्यावरचे दिवस अवघड असतात, हे अशा संस्थांनी ओळखले. म्हणून त्यांनी पाठपुरावा, नियमित सभा आणि कुटुंबीयांचे गट यांवर भर दिला. सभेत नव्या माणसाला जुन्याचा फोन नंबर मिळे. मन डळमळले तर प्रथम फोन करायचा, हा त्यातला साधा नियम.

ॲपने हाच नियम खिशातल्या यंत्रात बसवला. अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठात तयार झालेल्या ‘ए-चेस’ या प्रणालीत संकटसमयी दाबायचे बटण होते आणि बोलण्यासाठी सहव्यसनमुक्तांचा गट होता. रुग्ण त्याच्या धोक्याच्या ठिकाणाजवळ आला की फोन त्याला सावध करी. उपचार घेऊन बाहेर पडलेल्या ३४९ जणांवरील तिच्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. मागील तीस दिवसांत धोकादायक प्रमाणात मद्य घेतल्याचे दिवस ॲप असलेल्यांत सरासरी १.३९, तर नसलेल्यांत २.७५ होते. हा फरक क्षुल्लक नव्हे.

परंतु पुढचे पानही वाचावे लागते. २०१७ मध्ये ‘रीसेट’ या ॲपला अमेरिकेच्या औषध प्रशासनाने व्यसनोपचार म्हणून परवानगी दिली. ते चालवणाऱ्या कंपनीने एप्रिल २०२३ मध्ये दिवाळखोरी जाहीर केली. २०२४ मध्ये मद्यमुक्तीची ऑनलाइन सेवा देणाऱ्या दुसऱ्या एका कंपनीवर, रुग्णांची माहिती जाहिरातदारांना पुरवल्याबद्दल, तेथील व्यापार आयोगाने कारवाई केली. ज्या चळवळीच्या नावातच अनामिकता आहे, तिच्या वारसाने गुपित बाजारात मांडावे, ही खेदाची गोष्ट होय.

आपल्या देशाची गरज तर फार मोठी. २०१९ च्या राष्ट्रीय पाहणीनुसार मद्यावर अवलंबून असलेल्या ३८ जणांपैकी केवळ एकाला कोणता तरी उपचार मिळतो. तेव्हा यंत्राचे साह्य नाकारण्यात शहाणपण नाही. गोव्यात ‘संगाथ’ संस्थेने प्रशिक्षण दिलेल्या सामान्य समुपदेशकांकरवी प्राथमिक आरोग्य केंद्रांत मद्यपी पुरुषांशी संवाद साधला. ३७७ जणांवरील या अभ्यासाचे निष्कर्ष २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आले आणि त्या संवादाचा गुण दिसून आला. समुपदेशक डॉक्टर नव्हते. मात्र ते ऐकून घेत होते.

धोक्याच्या ठिकाणी पोहोचताच फोन वाजेल, हे खरे. पण काष्टीच्या शेतकऱ्याला बाजार टाळता येत नाही; तेथेच त्याचे पोट आहे. त्याला सूचनेपेक्षा सोबत हवी. ॲक्रनच्या त्या दुपारी फोन उचलणारे कोणी नसते, तर यंत्र असूनही सारे व्यर्थ गेले असते. म्हणून आमचे कुटुंबांना एवढेच सांगणे आहे: घरातील वा शेजारचा कोणी या वाटेवर असेल, तर ॲप जरूर घ्यावे, १४४४६ हा राष्ट्रीय मदत क्रमांक जवळ ठेवावा, आणि त्या यादीत आपलाही नंबर द्यावा. बाजाराच्या दिवशी त्याच्याबरोबर जावे. आणि रात्री उशिरा फोन वाजला, तर ‘आता काय काम काढलेस?’ असे न विचारता तो उचलावा.