एकाच रात्री राष्ट्राध्यक्ष आणि पंतप्रधान दोघेही बडतर्फ: काँगोमध्ये १९६० साली काय घडलं होतं?

५ सप्टेंबर १९६०. काँगोची राजधानी लिओपोल्डव्हिल, म्हणजे आजचं किन्शासा. राष्ट्राध्यक्ष जोसेफ कासावुबू संध्याकाळी रेडिओवर आले आणि पंतप्रधान पॅट्रिस लुमुंबा यांना पदावरून दूर केल्याचं त्यांनी जाहीर केलं. थोड्याच वेळात लुमुंबांनीही तोच रेडिओ गाठला आणि उलट राष्ट्राध्यक्षांनाच बडतर्फ करून टाकलं. बेल्जियमकडून स्वातंत्र्य मिळून तेव्हा जेमतेम सव्वादोन महिने झाले होते.

या दोन महिन्यांत बरंच काही घडलं होतं. जुलैच्या पहिल्याच आठवड्यात सैन्यात बंड झालं. ११ जुलैला खनिजांनी समृद्ध असलेला कटांगा प्रांत मोईस चोम्बे यांच्या नेतृत्वाखाली फुटून निघाला, मग दक्षिण कसाईही. संयुक्त राष्ट्रांचं सैन्य आलं, पण ते कटांगा परत मिळवून देईना, म्हणून लुमुंबांनी सोव्हिएत संघाची मदत घेतली. त्यामुळे ते अमेरिकेला नकोसे झाले. बेल्जियमला तर आधीपासूनच होते.

मग कायद्याने बरोबर कोण होतं?

देशाची तात्पुरती राज्यघटना, म्हणजे 'मूलभूत कायदा', बेल्जियमच्या संसदेने मे १९६०मध्ये मंजूर केला होता. त्याच्या २२व्या कलमानुसार पंतप्रधानांना नेमण्याचा आणि काढण्याचा अधिकार राष्ट्राध्यक्षांना होता. फक्त आदेशावर मंत्र्याची सही लागायची. कासावुबूंनी बोम्बोको आणि डेल्वो या दोन मंत्र्यांच्या सह्या घेतल्या होत्या. राष्ट्राध्यक्षांना काढण्याचा अधिकार पंतप्रधानांना मात्र कुठेच नव्हता.

पण त्याच कायद्यात सरकार संसदेला जबाबदार असल्याचंही म्हटलं होतं, आणि संसदेने लुमुंबांवर अविश्वास दाखवलाच नव्हता. खरी गोम इथे आहे. ही रचना बेल्जियमच्या घटनेवरून घेतलेली होती. तिथे मंत्र्यांना राजा काढतो हे कागदावर. राजा स्वतःच्या मनाने तसं करत नाही, हा संकेत. काँगोत कलम पोहोचलं, पण संकेत रुजायला वेळच मिळाला नाही. (मंत्री राष्ट्रपतींची मर्जी असेपर्यंत पदावर राहतात, असं आपल्या राज्यघटनेचं ७५वं कलमही म्हणतं!)

७ सप्टेंबरला कनिष्ठ सभागृहाने दोन्ही बडतर्फ्या रद्द ठरवल्या, दुसऱ्या दिवशी सिनेटही लुमुंबांच्या बाजूने उभी राहिली. तोवर संयुक्त राष्ट्रांनी विमानतळ आणि रेडिओ केंद्र बंद केलं होतं. कागदावर हा निर्णय दोघांसाठी सारखाच होता. पण कासावुबूंना नदीपलीकडच्या ब्राझाव्हिलचा रेडिओ मोकळा होता, लुमुंबांना नव्हता.

१४ सप्टेंबरला लष्करप्रमुख जोसेफ मोबुटू यांनी दोन्ही नेत्यांना 'निष्प्रभ' केल्याचं जाहीर केलं. प्रत्यक्षात कासावुबू पदावर राहिले. लुमुंबांची १७ जानेवारी १९६१ला कटांगात हत्या झाली.

१९६४मध्ये नवी राज्यघटना आली. पुढच्याच वर्षी कासावुबूंनी पंतप्रधानांना काढलं, ते होते चोम्बे. संसदेने त्यांच्या जागी सुचवलेलं नाव फेटाळलं, पुन्हा पेच निर्माण झाला. २४ नोव्हेंबर १९६५ला मोबुटूंनी सत्ता घेतली, ती १९९७पर्यंत सोडली नाही.